सत्तावन्न गैरहजर

दगडूभाऊ शेलवल्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, की गेली सत्तावीस वर्षं आपण जे करतो आहोत त्याला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात. तोवर ते त्याला हजेरी घेणं म्हणत.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाला लागून टाइम ऑफिस होतं. एक खिडकी, एक टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पितळी बिल्ले. कामगाराने खिडकीशी यायचं, आपल्या नंबरचा बिल्ला मागायचा, दगडूभाऊंनी त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि मस्टरवर खूण करायची. तोंड बघितल्याशिवाय खूण नाही, हा त्यांचा एकुलता एक नियम. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने मित्राला पाठवून बिल्ला उचलायचा प्रयत्न केला. दगडूभाऊंनी मेव्हण्याला गैरहजर मांडलं. त्यावर त्यांची बायको रतन चार महिने त्यांच्याशी भिंतीमार्फत बोलत होती. "सांग गं भिंती, ताट वाढलंय."

इतकी वर्षं तोंडं बघून त्यांना असं पुष्कळ कळू लागलं होतं, जे कुठल्याही रजिस्टरात नव्हतं. सोमवारी कोण दांडी मारणार हे त्यांना शनिवारी दिसायचं. कुणाकडे सासू आली आहे, कुणाचा खोकला पिवळा आहे आणि कुणाचा निळा, हेही. ज्या खात्यात माणूस काम करी त्या खात्याचा रंग त्याच्या रुमालात उतरे.

कारखाना म्हातारा होत गेला तशी माणसं ओसरली. एकशे साठांचे त्रेचाळीस राहिले. माणसं कमी होत गेली तसं त्यांची काळजी घेणारं खातं मात्र वाढत गेलं. ठाण्याला घोडबंदर रोडवर, काचेच्या एका इमारतीत, त्या खात्याला अर्धा मजला मिळाला. इलेन मॅडम त्याच्या प्रमुख झाल्या. वय छत्तीस, ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या. त्यांचं मराठी घरचं होतं, फक्त वाईट बातमी त्या इंग्रजी शब्दांत गुंडाळून द्यायच्या.

"दगडूभाऊ, खिडकीवर आता मशीन बसतंय. फेस रेकग्निशन."

"तोंड तर मीपण ओळखतो, मॅडम."

"हो, पण ते चहा पीत नाही ना." मॅडम हसल्या, आणि लगेच हसल्याबद्दल वाईट वाटून पुढे वाकल्या. "घाबरू नका. तुम्हाला एचआर एक्झिक्युटिव्ह करू या आपण. फक्त पॉलिसीप्रमाणे डिप्लोमा पाहिजे, एकतीस मार्चच्या आत. नाहीतर तळोज्याच्या गोडाऊनला टाकावं लागेल तुम्हाला. माझ्या हातात काही नाहीये."

तळोज्याच्या गोडाऊनमध्ये चौदाशे निळे ड्रम होते आणि दोन माणसं. बघायला तोंडंच नव्हती. दगडूभाऊंनी त्याच आठवड्यात कॉलेजात नाव घातलं.

कॉलेज कल्याणला, खडकपाड्याच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. शनिवार-रविवार वर्ग. अभ्यासक्रमाचं नाव संघटनात्मक नेतृत्व आणि मनुष्यबळ विकास. दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना असल्यामुळे संवादकौशल्याच्या तासाला खालून दाढ कोरल्याचा आवाज येई. शिकवायला विनीत सर होते. ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांनी कॉलेजाबाहेर कुठेही नोकरी केलेली नव्हती, त्यामुळे नोकरी या विषयावर त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

पहिल्या महिन्यात वर्गाने सरबताच्या नळ्यांचा मनोरा बांधला. ज्याच्या गटाचा मनोरा उंच, त्याच्यात नेतृत्व. दुसऱ्या महिन्यात विश्वासाचा खेळ झाला. डोळे मिटायचे, मागे रेलायचं, मागच्या जोडीदाराने झेलायचं. दगडूभाऊंच्या मागे सॅव्हियो उभा होता, चोवीस वर्षांचा, एका हॉटेलात माणसं भरती करणारा. दगडूभाऊ रेलेनात.

"काका, विश्वास ठेवा ना," विनीत सर म्हणाले.

"ठेवला असता सर. पण हा तीन शनिवार उशिरा आलाय."

"अंकल, सॉलिड बेइज्जती करता राव," सॅव्हियो म्हणाला. पण पुढच्या शनिवारी तो दहा मिनिटं आधी आला.

मग गरजांचा पिरॅमिड शिकवला गेला. तळाला अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, करत करत अगदी टोकाला आत्मविकास. सरांनी विचारलं, तुमच्या संस्थेत टोकाला काय आहे? दगडूभाऊंनी कारखाना डोळ्यांपुढे आणला आणि म्हणाले, पाण्याची टाकी. सरांनी त्यांच्या नावापुढे 'सहभाग : उत्तम' असं लिहिलं. माणूस काढला असं म्हणायचं नाही, सेपरेशन झालं म्हणायचं, हेही दगडूभाऊंनी वहीत उतरवून घेतलं. अक्षर चांगलं होतं. वही पाहून सर म्हणाले, ही पुढच्या बॅचला झेरॉक्ससाठी ठेवू या.

अडचण आली ती प्रोजेक्टात. विषय सगळ्यांना एकच होता, कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान. वीस प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन, पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत. शंभर माणसांकडून भरून आणायचा.

"सर, आमच्यात त्रेचाळीसच आहेत."

"शंभर कंपल्सरी आहे, काका. त्याखाली निष्कर्ष शास्त्रीय होत नाही."

"मग सत्तावन्न आणू कुठून?"

"मॅनेज करा," विनीत सर म्हणाले, आणि घड्याळ बघत पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले.

मॅनेज कसं करायचं ते सॅव्हियोने जिन्यात समजावलं. "अंकल, चार पेनं घ्या. दोन निळी, दोन काळी. क्रिकेट लावायचं टीव्हीवर आणि टिक मारत सुटायचं. फक्त सगळ्यांना खूश दाखवू नका, डाउट येतो. खालच्या झेरॉक्सवाल्याकडे तर रेडीमेड शंभराचा गठ्ठा मिळतो."

दगडूभाऊंनी आधी त्रेचाळीस जणांचे फॉर्म रीतसर भरून घेतले. मग रविवारी दुपारी, कल्याणजवळच्या मोहन्यातल्या आपल्या घरी, गॅलरीत पाट घेऊन बसले. समोर सत्तावन्न कोरे फॉर्म. कुठलाही टिक असाच मारायचा म्हटलं की हात चालेना. कोऱ्या फॉर्मला तोंड नव्हतं.

आणि तेव्हा त्यांना सुचलं ते सत्तावीस वर्षं एकाच खिडकीत बसलेल्या माणसालाच सुचलं असतं. पहिल्या कोऱ्या फॉर्मवर त्यांनी नाव लिहिलं, धाकू. बिल्ला नंबर अठ्ठ्याऐंशी. धाकू पिवळ्या खात्यातला, सहा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेलेला. 'वरिष्ठांकडून मला प्रोत्साहन मिळते.' धाकूने काय सांगितलं असतं ते दगडूभाऊंना लख्ख ऐकू आलं. त्यांनी टिक केला. दुसरा प्रश्न, दुसरा टिक. एकदाही अडखळले नाहीत. मग अँब्रोज इलेक्ट्रिशियन. मग झाडूवाल्या शांताबाई, ज्यांना मुलाने गावी नेलं. मग राकेश, जो गोरखपूरला परत गेला. जी माणसं कारखाना सोडून गेली होती ती आणि जी जग सोडून गेली होती ती, एकामागोमाग एक खिडकीशी येऊ लागली. दगडूभाऊ तोंड बघत होते आणि टिक करत होते. सत्तावन्न भरायला तीन रविवार लागले.

एकाच प्रश्नाला हात थांबला. चौदावा, ज्याच्यापुढे चौकोन नव्हते, कोरी ओळ होती : येत्या पाच वर्षांत आपण स्वतःला कोठे पाहता? सोडून गेलेल्या चाळीस जणांचं त्यांनी कसंबसं लिहिलं. मेलेल्या सतरा जणांचं कोरं ठेवलं.

मुलगी रुचिता ठाण्याला बँकेच्या कॉल सेंटरमध्ये होती. तिने सगळं लॅपटॉपवर चढवलं.

"बाबा, तुमचा डेटा कसला भारी आहे! मध्ये डोंगर, दोन्हीकडे उतार. पुस्तकात असतं तसा. माझ्या मैत्रिणींचे सगळे खोटे वाटतात."

"खोटेच असतील."

"आणि तुमचे?"

दगडूभाऊ चष्मा पुसू लागले.

शेवटच्या पानावर प्रमाणपत्र होतं. 'वरील सर्व शंभर कर्मचारी सर्वेक्षणाच्या काळात सदर आस्थापनेत कामावर हजर होते, असे प्रमाणित करण्यात येते.' खाली दोन सह्या, एक संस्थाप्रमुखाची, एक विद्यार्थ्याची. फेब्रुवारीत ते ठाण्याला गेले. इलेन मॅडमनी आलेख पाहिला आणि पेन काढलं.

"शंभर? दगडूभाऊ, इथे मी सर्व्हे केला तर बारा जणांनी भरला. त्यातली एक मी."

"मॅडम, यातले काही जण जरा..."

"निगेटिव्ह आहेत, दिसतंय मला. असू दे हो, जेन्युइन वाटतं." त्यांनी सही केली, शिक्का मारला, शंभर नावांच्या परिशिष्टाची प्रत ठेवून घेतली आणि मुख्य कार्यालयाला पाठवायच्या स्लाइडसाठी आलेखाचा फोटोही काढला. दगडूभाऊंनी आपली सही मात्र केली नाही. करू, म्हणाले. तोंडी परीक्षेच्या दिवसापर्यंत ती जागा कोरीच होती.

बाहेरून आलेले परीक्षक होते डॉक्टर प्रफुल्ल ताम्हाणे. हजारो प्रोजेक्टं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि कुठलंही त्यांनी पाचव्या पानापुढे वाचलेलं नव्हतं. दगडूभाऊंचं त्यांनी चुकून मधूनच उघडलं आणि त्यांची भुवई वर गेली.

"चौदावा प्रश्न सतरा जणांनी सोडलाय. बाकी सगळं भरलंय. का?"

"वारलेत ते, साहेब."

"सर्वेक्षणानंतर?"

"आधी. धाकू सहा वर्षांपूर्वी. बाकीचे मागेपुढे. अजून चाळीस जण सोडून गेलेत, पण ते आहेत आपापल्या ठिकाणी."

डॉक्टरसाहेबांनी प्रोजेक्ट मिटलं, मग पुन्हा उघडलं. "मग फॉर्म भरले कुणी?"

"मी."

"म्हणजे खोटे."

"नाही साहेब. विचारा ना कुठलाही."

परीक्षक चिडले होते, म्हणून त्यांनी विचारलं. "फॉर्म नंबर पंचेचाळीस. 'कामाच्या ठिकाणी मला मोकळेपणाने बोलता येते.' तटस्थ का?"

"अँब्रोज. ते मोकळं बोलायचे, पण मोटरशी. मोटर बिघडली की तिच्याशेजारी बसून तासभर बोलायचे, मग ती चालू व्हायची. माणसांशी सहा-सात शब्द, तेपण सणासुदीला. मग हो म्हणू का नाही म्हणू? मधला चौकोन धरला."

"चव्वेचाळीस. 'माझ्या कामाची दखल घेतली जाते.'"

"तो धाकू. दखल घेतली ना, तो गेल्यावर. तीन दिवस त्याचा व्हॉल्व्ह कुणाला फिरवता येईना. पूर्णपणे असहमत लिहिलंय. पण हसत."

"हसत हे स्केलमध्ये नाही."

"म्हणून कडेला पेन्सिलने लिहिलंय."

डॉक्टरसाहेबांनी फॉर्म काढून पाहिला. कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, हसत. त्यानंतर त्यांनी आणखी नऊ जणांबद्दल विचारलं. बाहेर मुलं खोळंबली, खालची दाढ कोरून संपली. शेवटी ते म्हणाले, "हे सगळं प्रोजेक्टमध्ये कुठेच नाही."

"कुठल्या प्रकरणात घालायचं होतं, साहेब?"

परीक्षकांनी अनुक्रमणिका काढली. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष, मर्यादा. बोट खालपर्यंत गेलं. "मर्यादांमध्ये बसलं असतं," ते म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, मी काही ऐकलं नाही. इथे सही करा, प्रथम वर्ग देतो. नाही केलीत तर मला फेरसादर लिहावं लागेल. म्हणजे ऑक्टोबर."

दारातून विनीत सर खुणा करत होते. "काका, करून टाका ना. आपला निकाल दर वर्षी शंभर टक्के असतो!"

दगडूभाऊंनी पेन घेतलं. तळोजा, ड्रम, ते दोघे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. 'कामावर हजर होते' या शब्दांवर येऊन पेन थांबलं. ते शब्द पुन्हा वाचले आणि त्यांनी टोपण लावलं.

"साहेब, ह्यांची उत्तरं मी देऊ शकतो. हजेरी नाही देऊ शकत."

घरी रतनने पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतलं. "सही केली असती तर हात झडला असता का हो?"

"तसं नाही गं."

"मेलेली माणसं काय भांडायला येणार होती?"

"धाकू आला असता."

"आला असता तर मी चहा टाकला असता. तळोज्याला चहा कोण देणारे तुम्हाला?"

सोमवारी ते ठाण्याला गेले, नापास झाल्याचं सांगायला. इलेन मॅडमचे डोळे सुजलेले होते. त्यांनी दगडूभाऊंना बोलूच दिलं नाही.

"बरं झालं आलात. मुख्य कार्यालयातून मेल आलाय. तुमची स्लाइड बघितली त्यांनी. पगारपत्रकावर त्रेचाळीस आणि सर्व्हेत शंभर, म्हणजे सत्तावन्न कंत्राटी ठेवलेत आपण, असं धरलंय त्यांनी. सगळे काढा म्हणतात, महिनाअखेर. काल चर्चमध्ये मास झाल्यावर फादरनी हाक मारली तरी मला ऐकू आली नाही. सत्तावन्न घरं, दगडूभाऊ!"

"मॅडम, ती माणसं नाहीतच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला.

"म्हणजे कुणाला काढावंच लागणार नाही?"

"नाही."

"ओ जीझस." त्या खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या. ड्रॉवरमधून एक यादी काढली. दगडूभाऊंच्याच परिशिष्टातून नावं उचलून ती रात्रीतून बनवली होती. नाव, नंबर, सेपरेशनचा दिनांक, कारण. "ऐका. ही यादी आपण पाठवू या. टार्गेट पूर्ण, शंभर टक्के. कुणाचं घर मोडलं नाही, कुणी रडलं नाही. हे मी दुसरीकडे कुठे केलं असतं? खाली तुमची सही लागेल, टाइम ऑफिस म्हणून. डिप्लोमाचं मी बघते, तुम्ही आजपासून एक्झिक्युटिव्ह. सांगा मला, यात कुणाचं वाईट होतंय?"

दगडूभाऊंनी खरोखर विचार केला. कुणाचं वाईट होत होतं ते त्यांना सापडेना. त्यांनी यादी हातात घेतली. शेवटच्या रकान्यात सत्तावन्न वेळा एकच मजकूर छापलेला होता. कारण : असमाधानकारक कामगिरी.

"हे कारण बदलता येईल का, मॅडम?"

"फॉरमॅट आहे तो. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, दगडूभाऊ?"

"एक पेन द्या."

मॅडमना मीटिंग होती, त्या गेल्या. दगडूभाऊ टेबलाच्या कोपऱ्यावर यादी घेऊन बसले. धाकूपुढचा छापील मजकूर एका रेघेने खोडला आणि वर लिहिलं, छाती. शांताबाईंपुढे लिहिलं, गुडघे. मुलाने नेले, जायचे नव्हते. राकेशपुढे, स्वतःची पिठाची गिरणी काढली. अँब्रोजपुढे, वयोमानाने निवृत्त, नंतर दोन महिन्यांत वारले, कामगिरी चोख. एकापुढे त्यांनी नुसतं लिहिलं, कंटाळा. दिनांकही खोडून आपल्या आठवणीतले खरे दिनांक घातले. काही ठिकाणी रकाना पुरला नाही, म्हणून मजकूर कागदाच्या कडेने वर चढत गेला. सत्तावन्न झाल्यावर खाली पूर्ण नावाने सही केली.

मॅडम परत आल्या तेव्हा दीड तास झाला होता. त्यांनी उभ्यानेच वाचायला घेतलं, मग बसून वाचलं. दुसरं पान उलटताना त्यांचा हात मंदावला. एका नावाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ही मुलगी वारली तेव्हा बावीस वर्षांची होती?"

"तेविसावं लागलं होतं."

मॅडमनी कागद जुळवले, पुन्हा जुळवले. "हे पाठवता येणार नाही मला."

"माहितीये."

"मी त्यांना कळवते, की शंभर नव्हतेच. स्लाइडमध्ये चूक झाली म्हणून." त्यांनी यादी ड्रॉवरमध्ये ठेवली, टाकली नाही. "आणि मग तुमचं... माझ्या हातात..."

"कधीपासून जायचं, मॅडम?"

"एक तारखेपासून."

दगडूभाऊ लिफ्टने खाली आले. फाटकावरच्या वॉचमनला त्यांनी विचारलं, कल्याणफाट्यावरून तळोज्याला सकाळी सातच्या आत शेअर रिक्षा मिळते का? मिळते, वॉचमन म्हणाला, पण चार शिटा भरेपर्यंत हलत नाही.